मदत हवी आहे: चिरेखाणीवरच्या मुलांची गणिताची चाचणी कुठल्या भाषेत घेऊ?

मंडळी, एम.एड.चा प्रबंध करतेय, रत्नागिरीकडच्या मराठी शाळांत येणारी चिरेखाणीवरच्या (जांभ्या दगडाच्या खाणीवरच्या) कानडी कामगारांची आणि आंबा बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं हा विषय. एक पोरगी मधल्या सुट्टीत फाडफाड मराठी बोलते, भांडते पण, आणि शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल चावत बसते, तेच आकडे नुसते फळ्यावर मांडले की हातच्यासकट बरोबर. बोलायची भाषा वेगळी नि अभ्यासाची वेगळी हे द्विभाषिक शिक्षणाचा अभ्यासक जिम कमिन्सने १९७९ मध्येच मांडलंय, पण हिच्यावर शिक्का 'गणितात कच्ची'. शिक्षण हक्क कायदा २००९ म्हणतो शक्यतो मातृभाषेतून शिकवा, आता वर्गात भाषा तीन आणि गुरुजी एक, बोला!

तर तीच उदाहरणं तोंडी कानडीत, नेपाळीत घेतली तर मराठीतल्या चाचणीशी तुलना ग्राह्य धरतात का? दुभाषी म्हणून थोरलं भावंड बसवलं तर चालतं का (मला वाटतं ते उत्तरच सांगून मोकळं होईल). आणि पालकांची संमती सहीऐवजी रेकॉर्ड करून कोणी घेतलीय का? पावसात खाणी बंद झाल्या की ही माणसं गावी जातात, त्याआधी उरकायचंय. लांजा-राजापूर भागात कानडी येणारं कोणी असेल तर प्लीज मेसेज करा.