पैसे घेऊन करिअर सल्ला देणाऱ्याला ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट सक्तीचं हवं का?

पॉलीच्या_मॅडम
दहावीचा निकाल लागला की आपल्या नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, जिकडे बघावं तिकडे करिअर गायडन्सचे बोर्ड लागतात. पाच-सात हजार फी सहज घेतात. माझं म्हणणं सरळ आहे. जो माणूस पैसे घेऊन पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तू हे शिक म्हणून सांगतो त्याचं नीट ट्रेनिंग झालेलं असलंच पाहिजे, म्हणजे शनिवार-रविवारचं वर्कशॉप नाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली खऱ्या मुलांबरोबर काम केलेलं पाहिजे. आणि अशा लोकांची यादी पालकांना उघड बघता आली पाहिजे.

आज आपल्याकडे करिअर सल्लागार व्हायला कुठलंच लायसन्स लागत नाही. पुनर्वसन परिषदेचा 1992 चा कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरेंना लागू होतो, सर्वसाधारण मुलांना करिअर सल्ला देणारे त्यात येत नाहीत. ब्रिटनमध्ये करिअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटचं रजिस्टर आहे, तिथे नाव लागायला डिग्रीच्या तोडीची लेव्हल 6 पात्रता लागते आणि दरवर्षी 25 तास नवीन काहीतरी शिकल्याचं दाखवावं लागतं. अमेरिकेत नॅशनल करिअर डेव्हलपमेंट असोसिएशनचा सुरुवातीचा कोर्सच 120 तासांचा आहे.

मी पॉलिटेक्निकला शिकवते. मागे ॲडमिशनच्या वेळी दिंडोरीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती, हातात स्पायरल बाइंडिंगचा जाडजूड रंगीत रिपोर्ट. बोटांचे ठसे स्कॅन करून काढलेला. त्यात मेंदूच्या दहा भागांचे टक्के दशांश चिन्हापर्यंत छापलेले आणि शेवटी 'तांत्रिक क्षेत्र टाळावे'. मुलगी घरच्या द्राक्षबागेतल्या ड्रिपचं सगळं स्वतः दुरुस्त करते, मोटरचा स्टार्टर उघडून बघते, हे त्या सल्लागाराने विचारलंच नव्हतं. ठशांवरून बुद्धी मोजायच्या या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीर सांगितलेलं आहे, तरी धंदा जोरात चालू आहे.

अंबड_टूलरूम
मॅडम ठसेवाल्यांबद्दल एकदम मान्य, ते बंदच करा. पण सर्टिफिकेटने काय होणार? माझ्याकडे शॉपवर पोरं येतात इंटरव्ह्यूला, चांगले सायकॉलॉजी एमए केलेल्यांकडे जाऊन आलेली असतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारा, असा ट्रेड आहे आणि चांगला डाय मेकर सातपूर-अंबडच्या कारखान्यांना शोधून सापडत नाही. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हा रस्ता किती सल्लागारांना माहितीये? त्यापेक्षा आमचा फोरमन बरा सांगतो. त्याला तुम्ही सर्टिफिकेट नाही म्हणून गप्प बसवणार का?

पॉलीच्या_मॅडम
@अंबड_टूलरूम दादा, फोरमनने जरूर सांगावं, तो कुठे फी घेतो. आणि तुम्ही म्हणताय ते तर ट्रेनिंगमध्येच येतं, त्या 120 तासांत रोजगार बाजाराची माहिती कुठून काढायची आणि कशी वापरायची हा वेगळा विषय असतो. नुसतं सायकॉलॉजी शिकलेला माणूस इथे अपुरा पडतो हे तुमचं बरोबरच आहे, म्हणून तर वेगळं ट्रेनिंग हवं म्हणतेय.

निफाडचे_गुरुजी
माझा या सक्तीला स्पष्ट विरोध. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या शाळांमध्ये करिअर सल्ला कोण देतं? वर्गशिक्षक. मी स्वतः एनसीईआरटीच्या मार्गदर्शन आणि समुपदेशनाच्या डिप्लोमाची चौकशी केली होती. कोर्स उत्तम आहे, सहा महिने घरून अभ्यास, मग तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, मग तीन महिने इंटर्नशिप. पण प्रत्यक्ष वर्गासाठी महाराष्ट्राचं केंद्र भोपाळला. आता घरदार, म्हातारे आईबाप सोडून तीन महिने भोपाळला कोण जाऊन राहील? जाणार फक्त शहरातले, ज्यांच्यामागे काही व्याप नाहीत ते. उद्या नियम झाला की संस्थाचालक म्हणणार गुरुजी तुमच्याकडे कागद नाही, तुम्ही मुलांना काही सांगू नका. मग आदिवासी पट्ट्यातल्या पोराला सांगायला कॉलेज रोडवरून कोणी येणार आहे का?

कौन्सेलर_नाशिकरोड
गुरुजी, तुमची भोपाळची अडचण खरी आहे, पण तिचा उपाय ट्रेनिंग इकडे आणणं हा आहे, ट्रेनिंगच नको हा नाही. दहावीची कल चाचणी आठवा. 2016 पासून बोर्डाने राज्यभर लाखो मुलांची घेतली, सात क्षेत्रं होती, रिपोर्टही हातात मिळाले. पण तो रिपोर्ट समोर ठेवून मुलाशी अर्धा तास बोलणारं माणूस किती शाळांत होतं? कल कृषीकडे आला म्हणून रडणारी मुलं मी बघितलीत, कारण घरच्यांनी अर्थ काढला की पोरगं शिकायच्या लायकीचं नाही. आवड वेगळी, क्षमता वेगळी, आणि टेस्टचा आकडा म्हणजे निकाल नाही, हे समजावून सांगायला शिकावं लागतं हो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये आईवडिलांच्या आणि मुलाच्या परवानगीने सेशन रेकॉर्ड व्हायचं. मग सुपरवायझर ते लावून जिथे जिथे प्रश्न मुलाला विचारलाय आणि उत्तर आईने दिलंय तिथे पॉज करायच्या आणि विचारायच्या, आता इथे तू काय करायला हवं होतंस? ही गोष्ट पुस्तक वाचून किंवा ऑनलाइन एमसीक्यू देऊन येत नाही.

पंचवटीचा_पालक
मला वाटतं मूळ रोग वेगळाच आहे, कमिशन. अमुक कॉलेजला, तमुक क्लासला पोरगं पाठवलं की सल्लागाराला पैसे. सर्टिफिकेट असलेलाही घेतो आणि नसलेलाही घेतो. तुम्ही सक्ती केली की क्लासवालेच आपल्या माणसांना कोर्स करायला लावतील, भिंतीवर फ्रेम लागेल, फी डबल होईल, सल्ला तोच.

पॉलीच्या_मॅडम
@पंचवटीचा_पालक म्हणूनच मी सर्टिफिकेटबरोबर रजिस्टर म्हणतेय. रजिस्टरला आचारसंहिता असते, कमिशन घेतलं आणि सांगितलं नाही तर तक्रार करायला जागा असते, नाव काढता येतं. आज तुम्ही तक्रार करणार कुणाकडे? गुरुजी, तुमच्यासाठी पुन्हा स्पष्ट लिहिते, शाळेत फुकट सांगणाऱ्या शिक्षकावर कसलीच सक्ती नको. उलट त्यांना ट्रेनिंग आधी मिळावं. मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, शिक्षकांसाठी मराठीतून, सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊन आणि आपापल्या शाळेतच इंटर्नशिप धरून असा कोर्स तिथे नक्की उभा राहू शकतो, मी तर तसं पत्र लिहिणार आहे.

निफाडचे_गुरुजी
तसा कोर्स निघाला तर पहिला फॉर्म माझा. पण सक्तीला विरोध कायम. आज फीवाल्यांवर, उद्या आमच्यावर येणारच. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर शाळेत पात्र कौन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये हीच चर्चा, की पद मंजूर होणार नाही, कुणाच्या तरी गळ्यात नाव घालतील.

कौन्सेलर_नाशिकरोड
तो निकाल मानसिक आरोग्याबद्दलचा आहे गुरुजी, करिअर सल्ल्याबद्दल नाही. पण नाव गळ्यात घालण्याची भीती रास्त आहे, पदं वेगळी मागायलाच हवीत.

सिडको_ताई
हे सगळं होईल तेव्हा होईल, माझ्या मुलाची करिअरची टेस्ट येत्या रविवारी आहे. जाऊ की नको?

कौन्सेलर_नाशिकरोड
ताई, जायच्या आधी फोन करून विचारा की टेस्ट कुठली आहे, तिचे नॉर्म्स, म्हणजे मुलाचा स्कोअर ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडे, भारतातल्या मुलांवरून काढलेत का, टेस्टनंतर मुलाशी एकट्याशी किती वेळ बोलणार, आणि कुठल्या कॉलेजशी किंवा क्लासशी टायअप आहे का. ठसे घेणार म्हणाले तर फोन ठेवून द्या. टेस्ट केलीच तर नुसता रंगीत रिपोर्ट नको, मूळ स्कोअरही मागून घ्या, दुसऱ्या कुणाला दाखवायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतात.