ग्रीड वाचवण्यासाठी सरकारचे आणीबाणीचे अधिकार: कलम 11, 29, 33, 37 यांपैकी कोणतं कधी वापरायचं?

फीडर_बे
वीज कायदा 2003 चं कलम 11 आणि 37 सरकारला निर्देश देण्याचा अधिकार देतं, तर 29 आणि 33 भारप्रेषण केंद्रांना (ग्रीडमध्ये कोणी किती वीज टाकायची आणि ओढायची यावर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल रूम). समजा ग्रीडची फ्रिक्वेन्सी (मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती 50 हर्ट्झखाली जाते) घसरतेय आणि एक राज्य शेड्यूलपेक्षा जास्त वीज ओढतंय, सांगूनही ऐकत नाही. मग मंत्रालयाचा आदेश येईपर्यंत थांबायचं का? आणि कलम 11 लावून बंद पडलेला वीजनिर्मिती संच चालवायला लावला, तर तोटा कोणाच्या माथी?

शिफ्ट_इनचार्ज
थांबायचं नाही. घसरण सुरू झाली की सेकंदांत रिले (बिघाड ओळखून लाइन आपोआप तोडायला लावणारं उपकरण), मिनिटांत कंट्रोल रूम. सरकारी आदेश दिवसांचं किंवा आठवड्यांचं संकट असेल तेव्हाच उपयोगी.

तुमच्या उदाहरणात कलम 29 लागतं. प्रादेशिक केंद्राचा (आपल्याकडे डब्ल्यूआरएलडीसी, म्हणजे पश्चिम विभागाचं भारप्रेषण केंद्र) निर्देश निर्मिती कंपनी, परवानाधारक, उपकेंद्र, सगळ्यांवर बंधनकारक. पटला नाही तर केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे जा, पण निकाल लागेपर्यंत निर्देश पाळायचाच, हे 29(5) मध्ये स्पष्ट लिहिलंय. न पाळल्यास 15 लाखांपर्यंत दंड. राज्यात हेच काम एसएलडीसी, म्हणजे राज्य भारप्रेषण केंद्र, कलम 33 खाली करतं. तिथे दंड 5 लाखांपर्यंत. कंट्रोल रूमने वेळ, किती मेगावॅट कमी करायचे आणि समोरच्याचं उत्तर लॉगमध्ये तिथल्या तिथे नोंदवावं. ती नोंद नसेल तर पुढे दंडाचं प्रकरण उभंच राहत नाही.

कलम 37 मुळे सरकार भारप्रेषण केंद्राला उपाय करायला सांगू शकतं. ब्रेकर (लाइन तोडणारा स्विच) कोणता उघडायचा ते मात्र केंद्रालाच ठरवू द्यावं, कारण लाइनवरचा भार त्यांच्याच स्क्रीनवर दिसतो.

अधिकार असूनही काय होतं ते जुलै 2012 मध्ये सलग दोन दिवस ग्रीड कोसळलं तेव्हा दिसलं. 30 तारखेला पहाटे 02:33 ला बीना–ग्वाल्हेर 400 केव्ही लाइन ट्रिप झाली. लाइनवर फॉल्ट नव्हताच. जोडीचं सर्किट 765 केव्हीच्या कामासाठी बंद, उत्तरेचं ओव्हरड्रॉवल (शेड्यूलपेक्षा जास्त वीज ओढणं) सुरू, व्होल्टेज खाली. तो भार डिस्टन्स रिलेच्या झोन-3 ला (लांबचे फॉल्ट पकडणारा त्याचा टप्पा) फॉल्टसारखा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा तेच, आणि त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून सुमारे 48,000 मेगावॅट भार गेला. ओव्हरड्रॉवल कमी करा असे निर्देश गेले होते, पण राज्यांकडून पुरेसा प्रतिसाद आला नाही. कायद्यात पळवाट नव्हती, अंमलबजावणी नव्हती.

पीपीए_वाचक
तोट्याचं उत्तर 11(2) मध्ये आहे. सरकारच्या निर्देशामुळे कंपनीवर जो आर्थिक भार येतो, तो आयोग योग्य वाटेल त्या पद्धतीने भरून देऊ शकतो. शब्द 'देऊ शकतो' असा आहे, म्हणून भांडण तिथेच पेटतं: नुसता इंधनाचा खर्च द्यायचा की वर वाजवी नफाही?

मोठं उदाहरण 2022 चं. 29 एप्रिलला देशाची मागणी 207 गिगावॅटवर गेली. देशी कोळसा कमी, आणि आयात कोळशाचे संच बंद, कारण करारातल्या दरात महाग इंधनाचा खर्च निघत नव्हता. 5 मे रोजी केंद्राने कलम 11 लावून ते पूर्ण क्षमतेने चालवायला सांगितले. वीज आधी करारातल्या राज्यांना, उरलेली एक्स्चेंजवर (विजेच्या बाजारात). दर ठरवायला समिती. गुजरातमधल्या मुंद्राच्या आयात कोळशावरच्या 4,000 मेगावॅटच्या प्रकल्पात महाराष्ट्राचा करार 760 मेगावॅटचा, म्हणजे त्या आदेशाचं बिल आपल्यापर्यंतही आलं.

केंद्र का राज्य, हे 2(5) मधल्या 'समुचित सरकार'च्या व्याख्येवर ठरतं. आंतरराज्य निर्मिती किंवा पुरवठा असेल तर केंद्र. ऑक्टोबर 2023 मध्ये कर्नाटकाने राज्यातल्या निर्मिती कंपन्यांवर हेच कलम लावून वीज राज्याच्या ग्रीडलाच द्यायला लावली. माझ्या मते हा वापर धोक्याचा आहे. प्रत्येक राज्याने टंचाईत आपापली वीज अडवून ठेवली, तर राष्ट्रीय ग्रीड बांधण्याचा हेतूच बाजूला पडतो.

रिले_टेस्टिंग
सेकंदांच्या टप्प्यावर कुठलंच कलम मदतीला येत नाही, तिथे अंडर-फ्रिक्वेन्सी रिले (फ्रिक्वेन्सी ठरावीक आकड्याखाली गेली की भार तोडणारे) हवेत. सामान्य पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्झ. त्याखाली 49.4, 49.2, 49.0 आणि 48.8 या टप्प्यांवर फीडर (एकेका भागाला वीज देणाऱ्या लाइन) आपोआप सुटले पाहिजेत. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी:

रिले ज्या फीडरवर आहे तोच भारनियमनाच्या गटात असतो. ऐन वेळी तो आधीच बंद, म्हणून रिले चालूनही भारात घट शून्य.

एकच फीडर अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेच्या यादीत आणि दुसऱ्या संरक्षण योजनेतही धरलेला असतो. कागदावर मेगावॅट दुप्पट.

दुपारी फीडरवर सोलर जोरात असतं. तेव्हा तो तोडला तर भारासोबत निर्मितीही जाते, कधी कधी परिस्थिती उलट बिघडते.

चाचणी घेताना रिलेचा दिवा लागला म्हणून टिक करू नका. टेस्ट किटने फ्रिक्वेन्सी खाली आणून ब्रेकर खरंच उघडतो का ते बघा. ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल आणि तिला वीज देणारी डीसी बॅटरी यांतले दोष तिथेच उघडे पडतात. यादीतल्या प्रत्येक फीडरचा भार पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी असा वेगवेगळा लिहा. हॉस्पिटल आणि पाणीपुरवठ्याचे फीडर यादीत नकोत.

फीडर_बे
म्हणजे रिलेने एवढा भार सोडूनही ग्रीड सावरलं नाही तर पुढे आयलंडिंग, म्हणजे एखादा भाग ग्रीडपासून तोडून त्याच्या स्वतःच्या निर्मितीवर बेटासारखा चालवणं?

शिफ्ट_इनचार्ज
हो, पण तेही आधी जुळवलेलं असावं लागतं. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा–पडघे लाइन गेल्यावर मुंबईची आयलंडिंग योजना शहर वाचवू शकली नाही. बेटात अडकणारा भार आणि आतली निर्मिती त्या क्षणी जुळायला हवी. शहरातले संच बंद ठेवून बाहेरची स्वस्त वीज घेत असाल, तर दर तासाला हिशेब करा: आता तुटलो तर आतल्या मेगावॅटवर कोणते फीडर चालतील, आणि बाकीचे कोणत्या रिलेने सुटतील.