कॉमेट विमानं खरंच चौकोनी खिडक्यांमुळे पडली का?

दूरदुर्बीण
विमानाच्या खिडक्या गोलसर का असतात, याला जिकडेतिकडे एकच ठरलेलं उत्तर मिळतं. कॉमेट नावाच्या विमानाला चौकोनी खिडक्या होत्या, कोपऱ्यांना तडे गेले, विमानं हवेत फुटली, तेव्हापासून खिडक्या गोल. पण दोन गोष्टी मला पटत नाहीत. जुन्या फोटोंत कॉमेटच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांना चांगली गोलाई दिसते. आणि कॉमेट बनवणाऱ्या डी हॅविलंडसारख्या मुरलेल्या कंपनीने जगातलं पहिलं प्रवासी जेट विकायला काढताना केबिनमध्ये दाब भरून पाहिलाच नसेल? जाणकारांनी उजेड पाडावा.

मधुमालती
ढोबळमानाने गोष्ट खरी आहे. १० जानेवारी १९५४ ला रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, ३५ जण गेले. कॉमेटची उड्डाणं थांबवली, बऱ्याच दुरुस्त्या केल्या, मार्चमध्ये पुन्हा सुरू केली आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ पडलं, २१ जण. पुढचं रिव्हेटकाका सांगतील, त्यांचा विषय आहे.

रिव्हेट
नोकरीभर विमानाच्या पत्र्यातले क्रॅक शोधत होतो, त्यामुळे ‘चौकोनी खिडक्या’ एवढ्यावर हा विषय मिटवला की माझी चिडचिड होते.

दूरदुर्बीण, तुमची दुसरी शंका जास्त मोलाची आहे. चाचणी झाली होती, आणि तिनेच घात केला.

कॉमेट ३५ ते ४० हजार फुटांवर उडायचं, म्हणून केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड जादा दाब ठेवावा लागे. कंपनीने केबिनचा एक भाग घेऊन त्यात आधी याच्या दुप्पट दाब भरून पाहिला. टिकला. पुढे १९५३ मध्ये, म्हणजे दोन्ही अपघातांच्या आधी, त्याच तुकड्यावर फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकण्याची, चाचणी घेतली: नेहमीचा दाब चढवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. १६,००० हून जास्त वेळा केल्यावर तो खिडकीच्या कोपऱ्यात फाटला. एल्बाचं विमान, ‘योक पीटर’, १,२९० उड्डाणांत गेलं. नेपल्सचं ९०० मध्ये.

एवढा फरक कसा? गोम ‘त्याच तुकड्यावर’ या दोन शब्दांत आहे. दुप्पट दाब दिला तेव्हा खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू किंचित कायमचा ताणला गेला. दाब काढल्यावर आजूबाजूच्या पत्र्याने त्याला मागे दाबलं आणि तो भाग आतून दाबलेल्या अवस्थेत राहिला. मग रोजचा ताण आला की आधी हा दाब फिटायचा आणि उरलेला ताण कोपऱ्याला लागायचा. क्रॅक सुरू व्हायलाच खूप वेळ गेला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना असा दुप्पट दाब कधी मिळालाच नव्हता. नमुना आपोआप पक्का झाला होता, विमानं नव्हती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही.

आता खिडकी. समुद्रातून काढलेल्या योक पीटरच्या अवशेषांत फटीगचा माग निघाला तो प्रवाशांच्या खिडकीपाशी नाही, तर छपरावर. तिथे दिशा दाखवणाऱ्या रेडिओच्या अँटेनासाठी दोन चौकटी कापलेल्या होत्या, त्यांतल्या मागच्या चौकटीच्या कोपऱ्याजवळच्या एका भोकाच्या कडेला. त्या चौकटीतून बाहेर बघायला कोणी बसत नव्हतं! खिडक्यांच्या कोपऱ्यांवरचा ताणही हिशोबापेक्षा बराच जास्त निघाला, धातू तुटण्याच्या मर्यादेच्या जवळपास ७० टक्के. म्हणजे आकाराचा दोष होताच. पण पातळ पत्रा, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची भोकं आणि चाचणीतला तो १६,००० चा फसवा आकडा, हे सगळं मिळून झालं.

अशा ठिकाणचा क्रॅक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही पत्रा लख्ख पुसून त्यावर चिरेत मुरणारा लाल रंग, म्हणजे पेनेट्रंट, मारायचो, थांबायचो, पुसून काढायचो आणि वर चिरेतला रंग बाहेर ओढणारी पांढरी पूड, म्हणजे डेव्हलपर, फवारायचो. रिव्हेटच्या डोक्याभोवती सगळं पांढरंशुभ्र आणि त्यातून केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर यायची. रेघ आली की ते विमान त्या दिवशी कुठे जात नसे.

दूरदुर्बीण
काका, एकदम पटलं. मग अपघातांनंतर कॉमेटची केबिन पाण्याच्या टाकीत घालून तपासली म्हणतात, त्याचं काय? हवा का नाही भरली?

रिव्हेट
हवा दाबली की तिच्यात प्रचंड ऊर्जा साठते. केबिन फुटली तर बॉम्बच, आणि सुरुवात कुठे झाली ते शोधायला काही उरत नाही. पाणी जवळपास दाबलंच जात नाही, त्यामुळे फाटलं की दाब लगेच उतरतो आणि चीर जागच्या जागी राहते. म्हणून इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ‘योक अंकल’ या आणखी एका कॉमेटची केबिन टाकीत बुडवली, आतही पाणी भरलं, पंख बाहेर ठेवले आणि जॅक लावून ते उड्डाणात लवतात तसे लववत राहिले. त्याने आधी १,२२१ उड्डाणं केलेली होती. टाकीत आणखी १,८३६ झाली आणि जून १९५४ मध्ये खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटलं. छपराचा तो तुकडा ऑगस्टमध्ये इटलीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आला, म्हणजे टाकीने बोट आधी दाखवलं, समुद्राने नंतर दुजोरा दिला.

मधुमालती
आणि तो तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. फोटो शोधलात तर दोन्ही चौकटी स्पष्ट दिसतात.

दूरदुर्बीण
शोधतो. पुढचा धागा कॉमेट ४ वर काढू का? १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने अटलांटिकपार प्रवासी सेवेत बोईंग ७०७ ला तीन आठवड्यांनी मागे टाकलं होतं, तरी बाजार बोईंगनेच मारला.

रिव्हेट
काढा. पण शीर्षकात खिडक्या नकोत.