अँडीजमध्ये दम लागला तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

कळसूबाई १,६४६ मीटर. ती वीसेक वेळा चढलोय. त्याच भरवशावर मी लिमाहून, म्हणजे समुद्राकाठावरून, विमानानं थेट कुस्कोला उतरलो. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. अकरा किलोची सॅक घेऊन सान ब्लासच्या चढाच्या गल्लीत शिरलो आणि पन्नास पायऱ्यांत खाली बसलो. छातीचा भाता झाला होता. रात्री डोळा लागला की श्वास अडकल्यासारखा व्हायचा, दचकून उठायचो. तिथंही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. दाब मात्र उतरलेला, त्यामुळं एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश पदरात पडतो. हे वाचून गेलो होतो, अंगावर आलं ते त्या रात्री.

हॉस्टेलच्या स्वयंपाकीण मावशींनी कोकाच्या पानांचा चहा दिला आणि सकाळी मला खाली धाडलं, ओयांतायतांबोला. ते सुमारे २,८०० मीटरवर. दोन रात्री तिथं काढल्या आणि डोकं हलकं झालं. माचू पिच्चू तर त्याहून खाली आहे, २,४३० मीटरवर. आधी खोऱ्यात उतरायचं आणि कुस्को शेवटी ठेवायचं, एवढा साधा क्रम कुणी सांगितला असता तर माझे दोन दिवस वाचले असते.

म्हणून विचारतोय. पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोर, चिली, कुठंही या डोंगरांत पाठीवर सॅक टाकून हिंडला असाल तर लिहा. स्थळांची यादी नको. दम कुठं लागला, काय खाल्लंत, कोण मदतीला आलं, तेवढं सांगा.

* * *

मी कोल्हापूरची, शाळेतून निवृत्त झालेली. लेक चिलीत नोकरीला आहे. ती म्हणाली, "आई, तितिकाका तळं बघायचं तर पळापळ करायची नाही." काठावरच्या पुनो गावात तीन दिवस नुसत्या बसून होतो, मग ताकिले बेटावर गेलो. तळंच ३,८१२ मीटरवर, आणि धक्क्यापासून गावात जायला पाचशेहून जास्त दगडी पायऱ्या. मी दर वीस पायऱ्यांना थांबले. आमच्या मागून एक म्हातारेबाबा पाठीवर पोतं घेऊन आले. मी बसले की तेही टेकायचे, आणि बसल्या बसल्या सुया काढून विणायला लागायचे. या बेटावर सुयांवरचं विणकाम पुरुषांचं. मुलगे लहानपणीच शिकतात. पूर्ण लाल टोपी म्हणजे लग्न झालेला, निम्मी पांढरी असेल तर अजून व्हायचंय. बायका मागावर कमरपट्टे विणतात. ताकिलेच्या या कापडकलेला युनेस्कोनं २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हटलं. मला ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की बाबांचे टाके चालता चालताही चुकत नव्हते.

ज्या घरी राहिलो त्या बाईंना सगळे 'मामा' म्हणत. मी लेकीकडे बघितलं. केचुआ भाषेत आईला मामा म्हणतात! मग मीही त्यांना मामाच म्हणू लागले.

जेवायला किन्वाचं सूप, तळलेलं चीज, बटाटे, आणि मुन्या नावाच्या पाल्याचा चहा, वासाला पुदिन्याच्या जवळचा. मी हौसेनं तूरडाळ नेली होती. तास उलटला तरी कणी राहिली, कारण एवढ्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं आणि कुकर काही घरात नव्हता. मामांनी माझी डाळ झाकून ठेवली आणि ताटात काळपट, सुरकुतलेले छोटे बटाटे वाढले. त्याला चुन्यो म्हणतात. जून-जुलैत तिथं थंडी कडक असते. बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठू द्यायचे, दिवसा उन्हानं मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, परत गोठवायचे, परत वाळवायचे. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. आपण वैशाखात गच्चीवर वाळवण घालतो ते उन्हाच्या जिवावर, या बायकांचं वाळवण थंडीच्या जिवावर. चव मातकट आहे. पहिल्या घासाला मला आवडली नाही, तिसऱ्या दिवशी मी मागून घेतली. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, आणि आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी नावासकट आणून दिला. एवढी वर्षं उपासाला खातेय, कधी मनात आलं नव्हतं.

उरोसची टोटोरा गवताची तरंगती बेटंही पाहिली, पण घाईघाईत. त्याबद्दल कुणी निवांत राहून आलं असेल तर लिहा.

* * *

काकू, उपासावरून आठवलं. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात 'किविचा'च्या वड्या मिळतात. तो राजगिराच आहे. जात थोडी वेगळी, पण कुळ तेच. लाह्या फोडून पाकात थापलेल्या. चढावर खिशात ठेवायला याहून चांगलं काही नाही.

* * *

मी पुनोहून बसनं बोलिव्हियात शिरलो. पहिला मुक्काम कोपाकाबाना, तितिकाकाच्याच काठावर. रिओचा प्रसिद्ध किनारा याच गावाच्या मातेचं नाव घेऊन आहे. सकाळी पांढऱ्याशुभ्र चर्चपुढं गाड्यांची रांग लागलेली दिसली, टॅक्सी, जीप, एक ट्रक. बॉनेटवर फुलांच्या माळा, आरशांना कागदी पताका. पाद्रीबाबा एकेका गाडीवर पवित्र पाणी शिंपडत होते, मालक चाकांवर बिअर ओतत होते आणि थोडी जमिनीवरही सांडत होते. ती धरणीमातेची, पाचामामाची. मी नाशिकचा, वडिलांचा टेम्पो होता. दसऱ्याला आम्ही पोरं तो धुऊन झेंडूचा हार घालायचो. मी त्या ट्रकवाल्याला मोडक्या स्पॅनिशमध्ये हे सांगितलं तर त्यानं मला बायकोशेजारी उभं करून फोटो काढला.

पुढं ला पाझला जाताना तिकिनाला रस्ता संपतो. तळ्याची चिंचोळी खिंड आहे. तुम्ही उतरायचं, होडीनं पलीकडे जायचं, आणि तुमची बस लाकडी तराफ्यावर डुलत मागून येते. सॅक बसमध्येच असते. पासपोर्ट आणि औषधं अंगावर ठेवा.

ला पाझमध्ये विमानतळ वर एल आल्तोला, ४,००० मीटरच्याही वर, आणि शहर खाली खोलगटात. २०१४ पासून दोन्हींमध्ये केबलकार आहे. आपल्याकडे श्रीमंत माणूस टेकडीवर बंगला बांधतो, तिथं तो खाली उतरून राहतो. खाली हवा दाट आणि ऊब जास्त. त्यांच्याकडची म्हण मला एका भाजीवालीनं शिकवली : हळू चाला, थोडं खा, एकटे झोपा.

* * *

आमचा अनुभव थोडा कठीण आहे, पण लिहितेच, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्ही चौघं चिलीच्या सान पेद्रो दे आताकामाहून जीपनं बोलिव्हियातल्या उयुनीच्या, म्हणजे मिठाच्या मैदानाच्या, तीन दिवसांच्या वाटेला लागलो. सान पेद्रो २,४०० मीटरवर. पहिल्याच दिवशी ही वाट ४,८०० मीटरच्या पुढं, गरम वाफांच्या कुंडांपर्यंत चढते आणि मुक्काम लागुना कोलोरादाला, सुमारे ४,३०० मीटरवर. हे तळं मी विसरणार नाही. शेवाळामुळं पाणी विटकरी, मधे टाकणखाराचे पांढरे पट्टे, आणि त्यात शेकडो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. यातली एक जात नामशेष झाली असं मानत होते, ती १९५६ मध्ये पुन्हा सापडली.

मित्र दुपारपासून डोकं धरून होता. संध्याकाळी उलट्या झाल्या. रात्री तो बाहेर जायला उठला आणि झोकांडी गेली. गिर्यारोहणाच्या प्रथमोपचार वर्गात शिकवलं होतं, म्हणून मी त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण, आणि यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. मागं फिरायचं तर आधी पुन्हा ४,८०० चढायचं. ड्रायव्हरकाकांनी त्याच्या डोळ्यांवर एकदा टॉर्च मारला, काही न बोलता काचेवरचा बर्फ खरवडला आणि पुढं उयुनीकडं गाडी काढली. सहा-सात तास, रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. प्रत्येक वस्तीपाशी थांबून ते त्याला नाव विचारायचे. तो नाव नीट सांगायला लागला तेव्हा आम्हाला पहिल्यांदा रडू आलं. उयुनीत, सुमारे ३,७०० मीटरवर, त्याला प्राणवायू लावला. दोन दिवसांनी तो बरा होऊन आमच्याबरोबर मिठाच्या मैदानात उभा होता. ड्रायव्हरकाकांनी त्या रात्रीचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

चूक आमची होती. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम आम्ही हिमालयात पाळतो, आणि इथं जीप आहे म्हणून विसरलो. शक्य असेल तर ही वाट उयुनीकडून करा.

* * *

छोटीशी भर : पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. निघायच्या आदल्या आठवड्यात धावू नका.

* * *

मी पेरूतल्या वाराझहून लागुना ६९ या तळ्यावर गेलो. तळं सुमारे ४,६०० मीटरवर, निळं असं की रंग कालवल्यासारखं. हिमनदीनं दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्यानं तो रंग येतो.

पण मला सांगायचंय ते वाटेतल्या युंगायबद्दल. ३१ मे १९७० ला दुपारी भूकंप झाला, वास्करानच्या उत्तर शिखरावरून बर्फ आणि खडक सुटला आणि काही मिनिटांत अख्खं गाव गाडलं गेलं. दफनभूमीच्या टेकडीवर पळालेले थोडे वाचले. चौकातली चार ताडाची झाडं तेवढी वर राहिली. ती जागा तशीच ठेवलीय, खणायला बंदी आहे. लोक अंदाजानं आपल्या घराच्या जागी फुलं ठेवून जातात. मी आंबेगाव तालुक्यातला. २०१४ च्या जुलैत माळीणला गाळ उपसायला गेलो होतो. युंगायला मी गाडीतून उतरलो आणि चालायचं कुठून हेच मला कळेना, कारण पायाखाली घरं होती.

पुढं तीन तास चढून तळ्यावर पोचलो. सगळे फोटोत गुंतले होते. एवढ्यात वर हिमनदीचा तुकडा सुटल्याचा आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. आमच्या वाटाड्यानं मात्र आधी खाली, परतीच्या वाटेकडं पाहिलं.