ऊसतोड कामगारांच्या मुलीला शाळेत प्रवेश मिळत नाही – मदत हवी आहे

शिरोळकर:
आमच्या शेताशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली आहे. तिच्यातली अकरा वर्षांची एक मुलगी दिवसभर कोपीवरच (टोळीच्या झोपडीवर) असते. तिला गावातल्या शाळेत नेले, तर दाखला नाही आणि निम्मे वर्ष सरले आहे, या कारणांवरून प्रवेश देता येणार नाही, असे सांगण्यात आले. मार्चअखेर टोळी परत जाईल, तेव्हा फेऱ्या मारण्यात वेळ घालवणे परवडणारे नाही. कोणाला भेटावे आणि कोणता नियम दाखवावा, एवढेच कृपया तातडीने सांगावे.

निवृत्त शिक्षिका:
शाळा जिल्हा परिषदेची आहे की खासगी? मुलगी मूळची कुठली, गेल्या वर्षी कितवीत होती, तिचे नाव तिकडच्या पटावर अजून आहे का? शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 5 प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश लांबवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास कलम 14 मनाई करते. लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि तरीही नकार आला तर केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांना भेटावे. निघताना मूळ गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून मिळणारे पत्रक) दिले होते का, हेही पालकांना विचारावे.

बालाघाटी:
मी बीड जिल्ह्यातला आहे. मुलांना तोडीवर न नेता गावातच ठेवावे आणि त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालवावे, हाच खरा उपाय आहे. दोन वेळचे जेवण मिळते, शाळा तुटत नाही. चार महिन्यांसाठी परक्या शाळेत बसवून काय साधणार?

कृष्णाकाठ:
आपले म्हणणे तत्त्वतः योग्य असले, तरी ती मुलगी आज इथे आहे. शिवाय वयात येणारी मुलगी थकलेल्या आजी-आजोबांच्या भरवशावर मागे ठेवायला आई-वडील धजावत नाहीत, आणि याच धास्तीपोटी कित्येक मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. माझ्या मते कारखान्याने तळावरच साखरशाळा चालवावी.

बालाघाटी:
तळावरच्या शाळेमुळे मुले तोडीवर आणण्याची प्रथाच पक्की होते, हे मी माझ्या भावकीत पाहिले आहे.

सदिच्छा:
आमचे मंडळ थंडीसाठी स्वेटर आणि दप्तरे देऊ शकेल. मापे कळवावीत.

शिरोळकर:
स्वेटरबद्दल मनापासून आभार, पण आधी प्रवेशाचे पाहू. शाळा जिल्हा परिषदेची आहे. मुलगी वडवणी तालुक्यातली असून पाचवीच्या पटावर तिचे नाव आहे. पत्रकाबद्दल पालकांना काहीच माहीत नाही. तिचा दीड वर्षाचा भाऊ तिच्याकडेच असतो. आई-वडील पहाटे चारला फडात जातात. ही त्याची झोळी हलवत एका हाताने भाकरी थापते.

निवृत्त शिक्षिका:
ही बाब सर्वांत आधी सांगायला हवी होती. उद्या प्रवेश मिळाला, तरी बाळाची सोय झाल्याशिवाय ती वर्गात येऊ शकणार नाही. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असतो. दीड वर्षाच्या बाळाला घरी न्यायचा आहार आणि लसीकरण मिळते, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनची मुले घेतात. असे पाळणाघर जवळपास आहे का, ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारावे.

कृष्णाकाठ:
ते नसेल तर मुकादमाशी बोलावे. आमच्याकडील एका तळावर बाळंतपणामुळे फडात न जाणाऱ्या बाईकडे लहान मुले ठेवली होती आणि तिचा मोबदला टोळीने वाटून दिला होता. मात्र बोलणे आईसमोर व्हावे, कारण उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) फेडायची चिंता तिला आहे आणि मुलगी मोळ्या बांधायला उपयोगी पडते, हा हिशेबही घरात असतोच.

शिरोळकर:
संध्याकाळी मुकादमाला भेटतो. अर्ज कोणाच्या सहीने द्यावा, माझ्या की पालकांच्या?

निवृत्त शिक्षिका:
पालकांच्या. अंगठा असला तरी चालेल. सोबत आपण जावे आणि वडवणीच्या मुख्याध्यापकांना फोन करून पटावरील नोंदीचा उतारा व्हॉट्सॲपवर मागवावा.