‘ब्रेक पॅड म्हणजे दोन बोल्ट’ म्हणणाऱ्यांसाठी

रावपुरेकर
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, “गाडीचं सगळं काम घरी होतं. व्हिडिओ बघा, पाना घ्या. ब्रेक पॅड म्हणजे दोन बोल्ट. गॅरेजला जाणारे एक तर आळशी, नाहीतर मूर्ख.” खाली वाहवांचा पाऊस. मी आळशी आहेच, मूर्खही असेन, पण त्या दोन बोल्टांबद्दल बोलायचंय.

कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, बोल्ट दोनच, कबूल. पण नवे पॅड जाड असतात, ते बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. ढकलताना ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरलेली असेल तर ऑइल वरून सांडतं आणि जिथे पडेल तिथला रंग खातं. हे परवडलं. खरी गंमत पुढे आहे. पिस्टन मागे गेलेला असताना पहिल्यांदा ब्रेक दाबलात की पेडल थेट तळाला जातं. गाडी हलवण्याआधी ते घट्ट होईपर्यंत पंप करायचं असतं. व्हिडिओत हे शेवटी, घाईघाईत सांगतात. तोवर आमचे वीर बेसमेंटच्या उतारावर गाडी काढून मोकळे!

वायपर बदला, एअर फिल्टर बदला, बॅटरी बदला, जलसा करा. ब्रेक आणि स्टीअरिंगला हात लावायचा असेल तर फक्त स्वतःच्या जिवावर लावा. रस्त्यावर आमची पोरं सायकली चालवतात.

कारेलीबागकर
तो सद्गृहस्थ मीच. अर्धी पोस्ट उचललीत, बाकीची सोडलीत. मी हे का लिहिलं ते पण सांगा ना.

सर्व्हिसच्या बिलात दोन वर्षं ‘केबिन फिल्टर रिप्लेस’ येत होतं. एसीला कुबट वास येतो म्हणून घरीच ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबून खाली पाडला. एकही स्क्रू नाही, नुसत्या क्लिपा. फिल्टर ओढला तर काळाठिक्कर, कंपनीतून आलेला तोच. वर कडुलिंबाच्या काड्या आणि पालीच्या अंड्याचं टरफल. दोन वर्षं मी त्याचे पैसे भरले. नवा बसवायला चहा गार व्हायच्या आत झालं, कडेच्या बाणावरून हवेची दिशा बघायची, बस. आता मला सांगा, जो माणूस फिल्टर बदलत नाही तो ब्रेकचं ऑइल बदलत असेल?

रावपुरेकर
चोरी फिल्टरची, शिक्षा ब्रेकला. वा!

फिटर मकरपुरा
दोघेही शहाणे. जीआयडीसीत, कारखान्यांच्या वसाहतीत, जन्म गेला म्हणून बोलतो. ब्रेक घरी होतात, पण गाडीबरोबर येणारा जॅक फक्त स्टेपनीसाठी. त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना अडण लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. अर्ध्या लोकांना एवढंही माहीत नसतं.

आणि स्पार्क प्लग! इंजिन थंड पाहिजे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. प्लग आधी बोटांनी फिरवायचा, आटे बरोबर लागले की मगच पाना. हल्लीची पोरं पहिल्यापासून रॅचेट मारतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षणाचं कलाभवन काढलं ते या बडोद्यात, आणि त्याच गावात इंजिनिअर झालेल्या पोराला दहाचा पाना दाखवावा लागतो.

अकोट्याची सूनबाई
काका, कलाभवन राहू द्या. ऑगस्ट २०२४ ला आमच्या बेसमेंटमध्ये विश्वामित्री नदी आली तेव्हा तुमचे पानेवाले कुठे होते? पाणी उतरल्यावर शेजारचे एक ‘मला गाडीतलं कळतं’वाले आले आणि म्हणाले, एकदा स्टार्टर मारून बघू. मारला. पाणी काही हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यावाल्यांनी सांगितलं, पुराचं नुकसान देऊ, पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्यामुळे झालेलं नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं, ते आम्ही घेतलेलं नव्हतं. अर्धवट ज्ञानाची किंमत मला विचारा.

समा-सावली
मुळात बेसमेंटमध्ये नदी येतेच का, हे विचारा! काठावर बांधायला परवानगी कुणी दिली? लोकांच्या अंगणात मगरी फिरल्या, अलकापुरीचा गरनाळा, रेल्वेखालचा रस्ता, तर दोन सरी पडल्या की तलाव. आणि आपण इथे फिल्टरवर भांडतोय.

रावपुरेकर
विषय ब्रेकचा होता हो.

अकोट्याची सूनबाई
तुमचा होता. गाड्या आमच्या बुडाल्या.

कारेलीबागकर
ताई, वाईट झालं, पण तो दोष घरी काम करण्याचा नाही. ज्याला खरंच कळतं तो आधी एअर फिल्टर उघडून बघतो. ओला असेल तर चावीला हात लावत नाही, टो करून नेतो.

अकोट्याची सूनबाई
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! बरं, एक मान्य करते. पाणी चढत होतं तेव्हा बॅटरीची तार काढा म्हणून सगळे ओरडत होते. आमच्या विंगेत गाड्या भरपूर, पण तार काढता येणारा एकच, वॉचमन. त्याने मिळेल त्या पान्याने जमतील तेवढ्यांच्या काढल्या. बाकीचे साहेब लोक टॉर्च धरून उभे.

फिटर मकरपुरा
निगेटिव्ह आधी काढली ना त्याने? पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला लागला की थेट शॉर्ट. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. त्या वॉचमनला माझा नमस्कार सांगा.

रावपुरेकर
म्हणजे बॅटरी घरी करा, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. कुणी वाचत का नाही?

कारेलीबागकर
वाचलं, साहेब. आयुष्यात बॉनेटची खटकी न शोधलेल्या माणसाने लिहिलेलं वाचायला थोडा वेळ लागतो.

रावपुरेकर
वैयक्तिक होऊ नका. माझ्या आतेभावाची गाडी घरी पॅड बदलल्यावर फाटकावर गेली आहे, म्हणून लिहिलं. फाटक गेलं, माणूस वाचला.

कारेलीबागकर
बरं बाबा. ‘आळशी आणि मूर्ख’ मागे घेतो. ‘दोन बोल्ट’च्या जागी ‘दोन बोल्ट आणि पेडल पंप करा’ असं वाचावं, आतेभावांच्या हितार्थ. फिल्टरचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

फिटर मकरपुरा
पॅड बदलायचे असतील तर रविवारी सकाळी या, स्टँड माझ्याकडे आहेत. जुने पॅड फेकू नका, आतला जास्त झिजलाय की बाहेरचा ते बघू. आतलाच झिजला असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्यात, नुसते नवे घालून काही होणार नाही.

समा-सावली
आणि गरनाळ्याचं?