इंटरप्टला 'व्यत्यय' म्हणायचं का? आणि 'ओव्हरराइड'ला काय?

विचारणा, लातूर

डिप्लोमाच्या मुलांसाठी संगणकाच्या नोट्स मराठीत लिहिते आहे. एमएडीटी या तक्त्यापाशी अडले. इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा, प्रोसेसरला मिळणारा इशारा. यंत्र सुरू होताना फर्मवेअर (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) हा तक्ता मेमरीत मांडून ठेवतं. प्रोसेसर किती, इंटरप्ट कंट्रोलर (हे इशारे गोळा करून प्रोसेसरला देणाऱ्या चिपा) कोणते, कुठल्या पत्त्यावर, हे ऑपरेटिंग सिस्टिमला त्यातून कळतं. इंटरप्टला मी 'व्यत्यय' लिहिलं, तर एका मुलानं विचारलं, "मॅडम, व्यत्यय आणणाऱ्यांचा एवढा नीट तक्ता कामून ठेवतेत?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरा अडलेला शब्द 'इंटरप्ट सोर्स ओव्हरराइड', हे त्याच तक्त्यातल्या एका प्रकारच्या नोंदीचं नाव.

परभणी

ताई, पोराचं बरोबर आहे. व्यत्यय म्हणजे भजन रंगात आलं आणि लाइट गेली. नको असलेली गोष्ट. कळ दाबली गेली, डिस्कवरची माहिती आली, हे तर प्रोसेसरला कळायलाच हवं.

आमच्याकडं रानात बांधावरून हाळी देतात. औत धरलेला माणूस थांबतो, ओ देतो, काय ते ऐकतो आणि सोडलं होतं त्याच तासाला परत लागतो. इंटरप्टचं मर्म तेच आहे: कुठं थांबलो ते ध्यानात ठेवायचं, हाळीला ओ द्यायची, परत यायचं.

हाळी घेतली की 'एज' आणि 'लेव्हल'सुद्धा सोपे होतात. एज म्हणजे एकदाच हाळी देऊन गप्प बसणारा. लेव्हल म्हणजे काम होईस्तोवर हाळी चालूच ठेवणारा. कोण कसा हाळी देतो हेही याच तक्त्यात नोंदवता येतं. पुष्कळ पीसींत आयआरक्यू 9 (इंटरप्टच्या 9 नंबरच्या वायरी) पुढं लेव्हल लिहिलेलं सापडतं. पॉवर बटण दाबल्याची वर्दी सहसा त्याच वाटेनं येते.

अंबाजोगाई

हाळी पटली. ओव्हरराइडला 'फेरफार' घ्या. माझे वडील तलाठी होते, म्हणून हा शब्द लगेच आठवला. जुन्या पीसीत 8259 या इंटरप्ट कंट्रोलरच्या दोन चिपा, प्रत्येकीला 8 वायरी. दुसरी चिप पहिलीच्या 2 नंबरला जोडलेली, म्हणून 16 पैकी 15 च कामाला यायच्या. पुढं आयओ एपीआयसी हा नवा कंट्रोलर आला, आणि 0 नंबरचा टायमर बहुतेक यंत्रांत त्याच्या 2 नंबरच्या पायावर (पिनवर) गेला. सॉफ्टवेअर मात्र अजून त्याला 0 च म्हणतं. आपल्याकडं गट नंबर लागले तरी म्हातारी माणसं सर्व्हे नंबरनंच शेत सांगतात, तसं.

परभणी

दादा, सर्व्हे नंबर आणि गट नंबराचा दाखला अगदी चपखल आहे, पण 'फेरफार' मला मान्य नाही. फेरफाराला काळ असतो. कुणी वारलं, खरेदीखत झालं, मग 6 नंबरच्या नमुन्यात नोंद, नोटीस, हरकतीला 15 दिवस, आणि जुनं नाव सातबाऱ्यावर कंसात. इथं काहीच बदललेलं नसतं. बोर्ड तयार झाला तेव्हाच तार 2 ला जोडलेली आहे.

नियम असा आहे की जुना आयआरक्यू जो, नवा नंबरही तोच. जिथं तसं नाही तेवढ्याच जागा तक्त्यात लिहायच्या. मग त्याला 'अपवादनोंद' म्हणू. फेरफार म्हटलं तर मुलं 'आधी काय होतं' ते शोधत बसतील, आणि आधीचं काही नाहीच.

अंबाजोगाई

हरकत मान्य. सर्व्हे नंबराचा दाखला तेवढा ठेवा, ताई.

लातूर

दोघांचे मनापासून आभार. आज वर्गात लिनक्समधून तक्ता काढून दाखवला. आधी मुलं बुचकळ्यात पडली, कारण सगळे ज्याला एमएडीटी म्हणतात त्याची पहिली चार अक्षरं 'एपीआयसी' अशी आहेत. मग एक अपवादनोंद बाइट-बाइट करून फळ्यावर उतरवली: 2, 10, 0, 0, 2, आणि पुढं पाच शून्यं. पहिला 2 म्हणजे नोंदीचा प्रकार. 10 म्हणजे तिची लांबी. प्रकार ओळखीचा नसला तरी तेवढे बाइट ओलांडून पुढची नोंद गाठता येते. त्यानंतर बस (उपकरणं जोडायची वाट) 0, जुना नंबर 0, नवा नंबर 2. तक्ता कामून ठेवतेत म्हणणारा मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि शेवटच्या दोन शून्यांवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हाळी कशी द्यायची ते इथं लिहितेत का?" तिथंच लिहितात. दोन्ही शून्यं म्हणजे बसच्या नेहमीच्या रीतीनं.